खूनवाली मॅडम

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. ऑटोवाल्याला डॉक्टरांचं नाव सांगितलं की तो नकारार्थी मान हलवायचा. ‘खूनवाली मैडम’ म्हटलं की पुढे काही न विचारता बरोबर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायचा. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. त्यांच्या पॅथॉलॉजी लॅबच्या दारावर हातानं रंगवलेली पाटी होती. लाल अक्षरं, थोडी ओघळलेली: ‘खून जिसका, रिपोर्ट उसी के हाथ में.’ खाली ना डॉक्टरचं नाव, ना डिग्री.

ओमती ठाण्यात बदलून आलेला एक हवालदार कशासाठी तरी त्या गल्लीत आला होता. पाटी वाचून तो सरळ आत शिरला आणि म्हणाला, “किसका खून हुआ है यहाँ?” मॅडमनी त्याला खुर्चीत बसवलं, बाही वर करायला लावली आणि त्याची साखर तपासली. वाढलेलीच निघाली. पुढे तो त्यांचा नेमाचा पेशंट झाला. एकदा त्याच्या बायकोनं येऊन त्याचा रिपोर्ट मागितला, तर तिलाही दिला नाही. “त्याला पाठव,” म्हणाल्या. “पाय आहेत ना त्याला?”

साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, बॉयकट केलेल्या केसांच्या. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर घराच्या खालच्या मजल्यावर लॅब टाकली. जास्त करून बायकाच यायच्या, हार्मोनच्या तपासण्यांसाठी. इतर लॅबमध्ये भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो असतात. मॅडमकडे औषध कंपनीच्या माणसानं असंच एक कॅलेंडर आणून दिलं, तर त्यांनी त्याच्या देखत त्याची सुरळी करून परत दिली. त्या जागी रेल्वेचं एक जुनं टाइमटेबल लावलेलं होतं. “बसल्या बसल्या वाचायला,” म्हणायच्या. “गाडी चुकली तर दुसरी असते, एवढं तरी समजतं.”

‘नॉर्मल’ हा शब्द त्यांना चालत नसे. छापील रिपोर्टावर तो असायचाच, पण प्रत्येक कागदावर त्या काळ्या पेनानं तो खोडायच्या आणि मगच सही करायच्या. आलेल्या बाईनं ‘मिसेस अमुक’ असं नाव सांगितलं की म्हणायच्या, “ते तुझ्या नवऱ्याचं झालं. तुझं?” काही बायकांना ते आठवायला क्षणभर लागायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आणि पत्ते. हार्मोनचं मशीन चालू झालं की मॅडम त्याच्या शेजारच्या टेबलावर एकटीच्या खेळाचे पत्ते मांडायच्या. मधे कोणी डोकावून “मैडम, हुआ क्या?” विचारलं, की सगळे पत्ते गोळा करून पुन्हा पिसायच्या आणि पहिल्यापासून मांडायच्या. मशीन काही त्यामुळे थांबत नसे, पण विचारणाऱ्याला वाटायचं की आपण विचारल्यामुळेच उशीर झाला. मग तो गप्प बसायचा.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तेहतीस वर्षांची होते. रिछाईतल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करत होते. बाबा सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेले. माझं लग्न ठरत ठरत अखेर ठरलं होतं. मुलगा अनिरुद्ध, जबलपूरचाच, जुन्या मराठी घरातला, बँकेत. त्याला आई नव्हती. त्याच्या आत्याबाईंनी त्याला वाढवलं होतं. आत्याबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आवाज इतका मऊ की समोरच्याला नाही म्हणायला जागाच सापडू नये.

साखरपुड्याच्या आधी त्या आमच्याकडे आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, “एक छोटीशी गोष्ट राहिली. आजकाल सगळेच करतात. पत्रिका पाहतो, रक्तगट पाहतो, तसंच. एएमएच म्हणतात. अंड्यांचा साठा किती आहे ते समजतं. तेहतीस म्हणजे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?”

आई म्हणाली, “हौ, करून घेऊ की.” बाबा कपात पाहत राहिले. अनिरुद्धनं घड्याळाचा पट्टा सैल केला आणि पुन्हा आवळला. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही. मुलाची कोणती तपासणी करायची, हा प्रश्न त्या खोलीत कोणाच्या मनातही आला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

मॅडमची लॅब बाबांनी सुचवली. “मराठी आहेत,” म्हणाले, “आपल्यातल्या. गोष्ट बाहेर जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बाबा आणि आत्याबाई लॅबमध्ये गेलो. काउंटरवर एक मध्यम वयाच्या दीदी होत्या. त्या नावं लिहून घ्यायच्या, रक्तही काढायच्या. पण पहिल्यांदा आलेल्या बाईला मॅडम स्वतः पाहायच्या. त्या आतून आल्या.

“नाव?”

आत्याबाईंनी माझं नाव सांगितलं, होणाऱ्या आडनावासकट.

“तिला तोंड आहे काय?” मॅडम म्हणाल्या.

मी माझं नाव सांगितलं.

आतल्या खोलीत त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, दंडाला रबरी पट्टी बांधली, आणि सुई हातात न घेता समोर स्टूल ओढून बसल्या.

“ही तपासणी कोणाला पाहिजे?”

“घरच्यांना.”

“घरच्यांना अंडाशय आहे काय?”

“बाबा म्हणाले...”

“बाबांना तर मुळीच नाही.”

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. मी म्हणाले, “आता नाही म्हटलं तर त्यांना वाटेल मी काहीतरी लपवून राहिले.”

“अच्छा. म्हणजे भीतीनं देऊन राहिली.” त्यांनी पट्टी सोडली. “भीतीनं दिलेलं रक्त मी नाही घेत. बाहेर जाऊन बस. तुला स्वतःला समजून घ्यायचं असेल तर ये. नसेल तर घरी जा, चहा पी.”

मी बाहेर आले. आत्याबाईंनी विचारलं, “झालं?”

“नाही.”

“काहून?” बाबा दचकून म्हणाले.

“बसायला सांगितलं आहे.”

मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले. समोर टाइमटेबल. इटारसीच्या गाड्या, कटनीच्या गाड्या. आत्याबाई पर्सचा बंद अंगठ्यानं घासत होत्या. बाबांचा गुडघा हलत होता. मला वाटलं, लग्न कधी, कोणाशी, कुठे, हे सगळे विचारतात. पण तुला मूल हवं आहे का, हे आजवर मला एकाही माणसानं विचारलेलं नाही. मी मनातल्या मनात विचारून पाहिलं. उत्तर लगेच आलं. इतकं लगेच, की मलाच नवल वाटलं. हवं होतं. आणि ते होईल की नाही, हे कळण्याची भीती आत्याबाईंना काय वाटेल या भीतीहून मोठी होती.

मी उठून आत गेले. “मला समजून घ्यायचं आहे. माझ्यासाठी.”

“मग हात दे,” मॅडम म्हणाल्या. सुई कधी गेली ते कळलंही नाही. कापूस दाबताना त्या म्हणाल्या, “आजचं रक्त आजचं बोलतं. उद्याचं मला विचारायचं नाही. संध्याकाळी ये.”

संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी अनिरुद्धही होता. दीदी म्हणाल्या, “बैठिए, मैडम दुबारा चला रही हैं.” दुबारा काहून, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नंतर समजलं की नवीन किट उघडलं की मॅडम आधी स्वतःचं रक्त काढून त्यावर मशीनची परीक्षा घ्यायच्या, आणि कोणाचा आकडा वाईट आला की त्या रक्तासोबत पुन्हा आपलंही लावायच्या. म्हणायच्या, माझ्या रक्तात काय आहे ते मला पाठ आहे. मशीन माझ्याशी खोटं बोललं तर लगेच पकडते.

अर्धवट उघड्या दारातून पत्ते दिसत होते. आत्याबाई उठल्या, दाराशी गेल्या.

“डॉक्टर, किती वेळ अजून?”

मॅडमनी पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा मांडायला घेतले. आत्याबाई तिथेच उभ्या राहिल्या. शाळेतल्या मुलांवर चालत असेल ती नजर त्यांनी मॅडमवर लावून पाहिली. मॅडमनी चौकटच्या राणीवर गुलाम ठेवला. शेवटी आत्याबाई येऊन बसल्या. अनिरुद्ध मला हळूच म्हणाला, “घाबरू नको, सब ठीक होगा.” त्याला मराठी चांगली यायची, पण धीर द्यायचा झाला की तो हिंदीत शिरायचा.

मला एकटीला आत बोलावलं. दाराला कडी लावली. कागद माझ्या हातात दिला.

“कमी आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या वयाच्या मानानं बरंच कमी. मी दोनदा पाहिलं.”

त्या अंकाकडे मी पाहत राहिले. दशांश चिन्हानंतरचे अंक. कारखान्यात मी रोज असे अंक पाहून माल पास-नापास करत होते.

“म्हणजे मला मूल होणार नाही?”

“हे यात कुठे लिहिलं आहे? दाखव.” त्या एकदम चिडल्या. “डब्यात साखर कमी उरली आहे, एवढं हे मशीन सांगते. चहा होईल की नाही, ते त्याला समजत नाही. एका कपाला काय पोतंभर साखर लागते? फक्त डबा उघडा ठेवून वर्षानुवर्षं बसू नको. चांगल्या डॉक्टरला भेट.”

बाहेर आत्याबाईंच्या खोकण्याचा आवाज आला. मी मॅडमना म्हणाले, “तुम्हीच सांगा ना त्यांना. ठीक आहे म्हणून. तेवढंच सांगा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता आता.

“मी खोटं बोलणार नाही. आणि तुझ्याऐवजी खरंही बोलणार नाही. दोन्ही तुझ्याजवळ.”

त्यांनी कडी काढली.

बाहेर आत्याबाई हात पुढे करून उभ्या होत्या. तळवा वर, जसा पोराकडून प्रगतिपुस्तक घ्यायला करतात तसा. मी कागदाची घडी केली, अजून एक घडी केली आणि पर्समध्ये ठेवला.

“अगं, बघू तर दे.”

“नाही आत्याबाई. मला समजलं आहे. मी दाखवणार नाही.”

“दाखवण्यासारखं नाही, असंच ना?” त्यांचा आवाज अजूनही मऊच होता. मग त्या मॅडमकडे वळल्या. “डॉक्टर, आम्ही काही परके नाही. सून होणार आहे ती आमची.”

“रक्त तुमचं होतं काय?”

“प्रश्न आमच्या घराचा आहे.”

“मग घराचं रक्त आणा, तपासून देते.”

आत्याबाई बाबांकडे वळल्या. “तुम्ही वडील आहात. सांगा तिला.”

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहू शकले नाही. बाबा आयुष्यभर कोणाला मोठ्यानं बोललेले नव्हते; मुलगा नाही, जमीनजुमला नाही, पोरीचं लग्न एवढंच उरलेलं. मी अनिरुद्धकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. मी थांबले, त्यानं एक शब्द बोलावा म्हणून. दीदींनी टेबलावरचा पंखा उगाच वळवला.

बाबा उठले. त्यांनी खुर्चीखालचं हेल्मेट घेतलं. आत्याबाईंना नमस्कार केला आणि मला म्हणाले, “चलो.”

फुहारा चौकातल्या गर्दीत बाबांनी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली आणि मागे न वळता म्हणाले, “मला नको सांगू. तुला बरं वाटेल तेव्हा सांग. पण तब्येतीला काही धोका तर नाही ना?”

“नाही बाबा.”

“बस. मग ठीक.”

लग्न मोडल्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आईनं जेवण सोडलं. नातलगांत पसरलं की पोरीत दोष निघाला, कागद लपवला. आत्याबाईंनी मॅडमबद्दलही जिथे तिथे सांगितलं की ही बाई रिपोर्ट दाबते, घरं मोडते. दोन डॉक्टरांनी त्यांच्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. मॅडमनी पाटी मात्र उतरवली नाही. पुसट झाली होती म्हणून तिच्यावर पुन्हा लाल रंग फिरवला.

अनिरुद्ध एकटाच एकदा त्यांच्याकडे गेला होता, हे दीदींनी मला सांगितलं. म्हणे खूप खाली आवाजात विचारलं, “मैडम, बस इतना बता दीजिए, कम था क्या?” मॅडम म्हणाल्या, “तू आपली तपासणी करून घे. रिपोर्ट तुझ्या हातात देते. मग तो जाऊन तिला दाखव. हिंमत असेल तर तीही दाखवेल.” तो उठून गेला आणि परत आला नाही.

मी मात्र जात राहिले. तपासणीसाठी नाही. सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या आधी, पेशंट संपले की. कारण त्या गावात ते एकच ठिकाण होतं जिथे माझी गोष्ट ठाऊक होती आणि तरीही ‘दोष निघालेली’ म्हणून मला कोणी पाहत नव्हतं. मॅडम माझी चौकशी करत नसत. “बस,” म्हणायच्या, आणि पत्ते चालू. मी चूक दाखवली की चिडायच्या. “इथे अठ्ठी लागते ना मॅडम,” म्हटलं की, “दिसून राहिलं मला!” आणि मग दोन पत्त्यांनंतर गुपचूप तिथेच अठ्ठी लावायच्या. मशीनशी त्या हिंदीत बोलायच्या, तेही आदरानं: “चलिए, अब उठिए.” माणसांशी आदर नाही.

त्या अशा काहून झाल्या, याच्या दीक्षितपुऱ्यात तीन गोष्टी होत्या. एक, त्यांचं लग्न होऊन मोडलं होतं. दुसरी, लग्नच झालं नव्हतं. तिसरी, त्यांच्या बहिणीचं काहीतरी झालं होतं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पत्ते गोळा केले असते. आता त्या गल्लीत ती लॅब नाही. मॅडम पुण्याला भाचीकडे गेल्या, एवढंच ठाऊक आहे. खाली कोचिंग क्लास आहे.

लग्न मी केलं ते कारखान्यातल्याच एकाशी, विंडिंग विभागातल्या इंजिनिअरशी. रीवाकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी तो कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं सरळ वाचला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “मुझे तो कुछ समझ में नहीं आया. आपको आया?”

“थोडा.”

“तो बस. मुझे भी थोड़ा-थोड़ा समझा देना.”

घरी थोडी कुरकुर झाली, मराठी नाही म्हणून. बाबांनी ती एका वाक्यात मिटवली, “बोलतो तरी हा.”

डॉक्टरांनी आम्हाला उपचार सांगितले होते, ते सुरू करायचे होते, आणि त्याच्या आधीच दिवस राहिले. मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात कारखान्यात उभी असताना पोटात ओढल्यासारखं झालं आणि रक्त दिसलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “प्रोजेस्टेरॉन करा, आणि गरोदरपणाचं हार्मोन आज करा, परवा पुन्हा करा. वाढलं तर आशा आहे. घसरलं तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

आम्ही मॅडमकडे गेलो. बऱ्याच महिन्यांनी जात होते. त्या वाळल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कापत होता. तो त्यांनी पदरात गुंडाळून ठेवला होता. चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि दीदींना म्हणाल्या, “तुम निकालो. मैं नहीं निकालूँगी.”

मे महिना. रक्त मशीनमध्ये गेलं आणि वीज गेली. इन्व्हर्टरनं एकदा टूं केलं आणि तोही बंद पडला. पंखा थांबला. बाहेरच्या खोलीत माझा नवरा उठून उभा राहिला. मॅडम कॅनव्हासचे बूट घासत तरातरा बाहेर गेल्या. समोर मिठाईवाल्याचा जनरेटर धडधडत होता. खिडकीतून त्यांचा आवाज गल्लीभर ऐकू आला.

“तार दे इधर.”

“मैडमजी, फ्रिज में खोवा है, माल खराब हो जाएगा.”

“तेरा खोवा रुक सकता है. उस लड़की का खून नहीं रुकेगा. तार दे!”

मिठाईवाल्यानं तार दिली. गल्लीच्या आरपार, लोकांच्या डोक्यांवरून, एका सायकलवाल्याला थांबवून, मॅडम ती डाव्या हातानं ओढत आत घेऊन आल्या. माझ्या नवऱ्यानं प्लग लावला. मशीन उठलं. “माफ़ कीजिए,” मॅडम त्याला म्हणाल्या. मशीनला, नवऱ्याला नाही.

प्रोजेस्टेरॉन कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, पडून राहायला सांगितलं. मधला दिवस मी भिंतीकडे तोंड करून काढला. नवरा दर थोड्या वेळानं दाराशी यायचा आणि परत जायचा. त्याची चप्पल थांबली की मला कळायचं तो उभा आहे. पोटात थोडं जरी ओढलं तरी मी श्वास धरायचे. आई फोनवर म्हणाली, देवाचं नाव घे. मला देवाचं नाव आठवेना. त्या मशीनचा घुर्रर्र आवाज तेवढा कानात होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. मॅडमनी पत्ते मांडले. मी आत त्यांच्यासमोरच बसले होते. मला बाहेर जायला त्यांनी सांगितलं नाही. कापत्या हातानं पत्ते नीट बसत नव्हते, ओळी वाकड्या होत होत्या. काही वेळानं त्यांनी खेळ अर्धवट सोडला आणि पत्ते बाजूला सारले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघी मशीनकडे पाहत बसलो.

कागद आला. त्यांनी आधी वाचला नाही, माझ्या हातात दिला, आणि मग माझ्या बाजूनं वाकून वाचला.

“वाढलं आहे,” त्या म्हणाल्या. “जेवढं वाढायला पाहिजे तेवढं नाही. पण वाढलं आहे.”

“चांगलं की वाईट?”

“माहीत नाही.”

“मॅडम, एकदा तरी सांगा ना.”

“माहीत नाही!” त्या ओरडल्या. बाहेर दीदींच्या हातून काहीतरी पडलं. मग हळू आवाजात, “माहीत असतं तर सांगितलं नसतं काय तुला? या आकड्यानं टिकलेली पाहिली आहेत. गेलेलीही पाहिली आहेत. रडायचं तर रड. इथे कोणी पाहत नाही.”

मी रडले. त्या उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, पण खुर्चीच्या पाठीला धरून राहिल्या. त्या हाताचं कापणं लाकडातून माझ्या पाठीला लागत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “त्याला बोलावू?”

“हौ.”

त्यांनी स्वतः दार उघडलं. माझा नवरा टाइमटेबलसमोर उभा होता. “अंदर आइए,” त्या म्हणाल्या. त्या खोलीत इतक्या वर्षांत एखाद्या बाईसोबत आलेल्या पुरुषाला त्यांनी बोलावलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि त्या स्वतः बाहेर जाऊन काउंटरवर बसल्या.

नंतरचे आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. रक्त कधी थांबायचं, कधी पुन्हा दिसायचं. सोनोग्राफीत ठोका दिसला त्या दिवशी मी तिथून थेट दीक्षितपुऱ्यात गेले. मॅडमनी ऐकलं, “अच्छा,” म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी थोडी हिरमुसले. पण दीदी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या आणि हसत म्हणाल्या की आजकाल तुझ्या नावाची चिठ्ठी नसली तरी मॅडम रोज सकाळी विचारतात, ‘वो आई थी क्या?’

मुलगी हिवाळ्यात झाली. दीड महिना झाल्यावर तिची लस टोचून घेतली आणि परत येताना तिला मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि तरीही दोन हात दूरच उभ्या राहिल्या. बाळ झोपेत होतं. दुपट्याबाहेर एक पाय आला होता, मांडीवर लशीची छोटी गोल पट्टी. मॅडमनी वाकून ती पट्टी पाहिली.

“रडली काय?”

“खूप.”

“रडलीच पाहिजे.” त्या खूप वेळ पाहत राहिल्या. मी बाळ पुढे केलं, तर मागे सरकल्या. “नको. हात कापतो माझा.”

“बसून घ्या ना, मॅडम.”

“नाही म्हटलं ना.” मग त्यांनी डाव्या हातानं दुपटं ओढून तो पाय झाकला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “ऐक. तू ये, केव्हाही ये. हिला या दारात पुन्हा आणायचं नाही.”

“काहून, मॅडम?”

“आणायचं नाही. यायचं झालं तर ती आपल्या पायानं येईल. बस.”

त्या वळल्या आणि दीदींना म्हणाल्या, “अगली को भेजो.” एक तरुण मुलगी आईचा हात सोडून आत गेली. दार लागलं. मी बाळाला घट्ट धरलं आणि बाहेरच्या उन्हात आले.